हिरवं पाणी काही केल्या जाईना: परसातल्या एका तळ्याचं प्रकरण

तळं तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि मधोमध पाऊण मीटर खोल. कडेने कुंड्या ठेवायला वीतभर खोलीची पायरी, तळाला रबरी अस्तर. कडा वेड्यावाकड्या आहेत आणि पायरीनेही बरीच जागा घेतली आहे, त्यामुळे पाणी मावतं ते सुमारे तीन हजार लिटर. दोन कुंड्यांत कुमुदिनी, मध्ये कारंजं. मासे सुरुवातीला अकरा गोल्डफिश आणि दोन कोई. घरात काका-काकू दोघंच, आणि तळ्याची खरी काळजी काकूंना.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी ऊन तापायला लागलं तसं पाणी हिरवं व्हायला लागलं, आणि थोड्याच दिवसांत इतकं दाट झालं की मासे फक्त खायला वर आले तरच दिसत. काकूंनी हात बांधून वाट पाहिली नाही. दर आठवड्याला अर्धं पाणी उपसून नळाचं ताजं पाणी भरलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळून धुतला. तरी फरक पडेना, तेव्हा शेवाळ मारायचं तांबंयुक्त औषध आणून टाकलं. दोन दिवसांत पाणी निवळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, आणि दिवस वर येईपर्यंत तीन गोल्डफिश गेले होते. पुढच्या आठवड्यात पाणी परत हिरवं.

मला बोलावलं ते या टप्प्यावर. काकूंचं पहिलं वाक्य होतं, “अहो, मी रोज याच्याच मागे असते. आता आणखी काय करायचं राहिलंय?”

मी बरीच तळी पाहिली आहेत, आणि हा प्रश्न बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतो. तळं बिघडतं ते बहुतेक वेळा मनापासून काळजी घेणाऱ्या माणसांकडे. त्यांच्या कष्टात कसूर नसते. पण तळ्यात काय येतं आणि तळ्यातून काय बाहेर जातं, याचा जमाखर्च कुणी मांडलेला नसतो. या प्रकरणात तो मांडला, आणि त्यावरूनच पुढची सगळी कामं ठरली. म्हणून तो इथे तपशिलाने देतो.

आधी मोजमाप

पाणी किती गढूळ आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. कालच्यापेक्षा आज बरं वाटतं ते पुष्कळदा उन्हाच्या तिरिपीमुळे. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. तलाव-समुद्रांची पारदर्शकता आजही याच पद्धतीने मोजतात. आम्ही घरातली पांढरी बशी घेतली, तिला दोरी बांधली, दोरीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि दुपारी ऊन डोक्यावर असताना ती सोडली. १४ सेंटिमीटरवर बशी गायब झाली. काकांनी तो आकडा वहीत लिहिला, आणि वही पुढे त्यांनीच सांभाळली.

पीएच मात्र दोनदा मोजला, सूर्योदयाला आणि दुपारी तीनला. एकदाच मोजलेला पीएच हिरव्या तळ्यात फसवतो. सकाळी तो ७.४ होता, दुपारी ९.२. कारण शेवाळच. उजेड असताना ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्यातली आम्लता कमी होते, पीएच चढतो. रात्री तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड परत सोडतात आणि पीएच उतरतो. दिवसाकाठी एवढा झोका बसतो याचा अर्थ पाण्यात तो झोका आवरणारे कार्बोनेट क्षारही कमी होते. चाचणीत तसंच निघालं.

आता अमोनिया. चाचणीत एकूण अमोनिया लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आला. काका म्हणाले, “म्हणजे फार नाही ना?” पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं माशांचे कल्ले जाळणारं. कुठलं रूप किती, ते पीएच आणि तापमानावर ठरतं. पहाटे २५ अंशाला आणि ७.४ पीएचला विषारी वाटा दीड टक्क्याच्या आतबाहेर होता. दुपारी २८ अंशाला आणि ९.२ पीएचला तोच वाटा निम्म्यावर गेला. अमोनिया तेवढाच, पाणी तेच. पण पहाटे जे मासे सुरक्षित होते ते दुपारी विषात पोहत होते. उन्हाच्या वेळी मासे कोपऱ्यात निपचित पडून असतात, असं काकूंनी आधीच सांगितलं होतं. त्यांना ते ऊन सोसवत नाही असं वाटत होतं.

विरघळलेला प्राणवायू नेमका उलटा चालत होता. दुपारी भरपूर, पहाटे लिटरमागे २.३ मिलिग्रॅम. २५ अंशाच्या पाण्यात तो ८.३ पर्यंत मावू शकतो, आणि ५ च्या वर असला तर बहुतेक मासे सुखाने राहतात. यावरून औषधानंतरची ती पहाटही उलगडली. शेवाळ मेलं म्हणजे नाहीसं झालं नाही. ते तळाशी बसलं आणि कुजायला लागलं. कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात, आणि दिवसा प्राणवायू तयार करणारं शेवाळ आता उरलंच नव्हतं. त्यात कारंजं फक्त दिवसा चालू असायचं. संध्याकाळी पाहून झालं की काका ते बंद करत. पाण्यात हवा मिसळायची खरी गरज रात्री असते, आणि नेमकी तेव्हाच हवा मिळत नव्हती.

तळ्यात येतं किती

मी काकूंना माशांना जेवढं खाणं घालतात तेवढंच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घालायला सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी मूठ भरली आणि हलक्या हाताने ओतली. साडेबारा ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून २५ ग्रॅम.

पाकिटावर प्रथिनं ४० टक्के आणि फॉस्फरस १ टक्का लिहिलेला होता. मत्स्यपालनात एक साधा हिशेब वापरतात: खाण्यातल्या प्रथिनांच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के एवढा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने माशांकडून पाण्यात येतो. २५ ग्रॅम खाण्यात १० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे रोज ०.९ ग्रॅम. तीन हजार लिटरमध्ये तो लिटरमागे रोज ०.३ मिलिग्रॅम पडतो. जिवाणू हे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून तो साठत जात नाही. पण हे जिवाणू राहतात कुठे? खड्यांवर, अस्तराच्या बुळबुळीत थरात आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतो. स्पंज दर आठवड्याला त्या पाण्याने पांढरा होईपर्यंत धुतला की जिवाणूंची वसाहत पुन्हा शून्यापासून उभी राहते. स्वच्छ स्पंज आणि काम करणारा स्पंज, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

फॉस्फरसचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रोज पाव ग्रॅम फॉस्फरस आत. त्यातला निम्मा माशांच्या अंगी लागला असं धरलं तरी उरलेला लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅम होतो. तलावांच्या वर्गीकरणात फॉस्फरस ०.०३५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की तो तलाव अतिपोषित धरतात. वर्षभरात जिथवर जाऊ नये असा आकडा हे तळं एका दिवसात ओलांडत होतं. शेवाळाच्या पेशीची घडण पाहिली तर १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे १०० ग्रॅम सुकं शेवाळ उभं राहू शकतं.

फॉस्फरसवर एवढा भर का, असं काकांनी विचारलं. त्यांना मी कॅनडातल्या २२६ क्रमांकाच्या तलावाबद्दल सांगितलं. ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेल्या तलावांपैकी हा एक. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात हे दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरस मिळालेला भाग शेवाळाने हिरवा झाला, पडद्यापलीकडचा झाला नाही. विमानातून काढलेला त्याचा फोटो पाहिला की वेगळं काही समजावावं लागत नाही. काका तो फोटो बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपण रोज दुसऱ्या भागात घालतोय.”

खाण्याखेरीज आणखी तीन वाटा होत्या. लॉनचा उतार तळ्याकडे होता आणि कड जमिनीच्या पातळीलाच होती, त्यामुळे पाऊस पडला की लॉनवरचं खत धुऊन तळ्यात. कुमुदिनीच्या कुंड्यांत बागेतली सेंद्रिय खताची माती भरलेली, तिच्यातून पोषण झिरपत होतं. तळाशी चार बोटं जाड काळा गाळ साचला होता. रात्री प्राणवायू संपला की अशा गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. म्हणजे खाणं पूर्ण बंद केलं असतं, तरी काही काळ गाळ शेवाळाला पोसत राहिला असता.

आणि तळ्यातून बाहेर काय जात होतं? फक्त बदललेलं पाणी. झाडं जोमात असती तर त्यांनी पोषण शोषलं असतं, आणि जुनी पानं छाटून टाकली की ते पोषण त्यांच्यासोबत बाहेर गेलं असतं. पण कुमुदिनी खुरटल्या होत्या. कारंज्याचे तुषार दिवसभर त्यांच्या पानांवर पडत. कुमुदिनी मुळात शांत पाण्यातली वनस्पती आहे. पानांवर सतत पाणी पडलं की ती कुजत आणि आक्रसत जाते.

काय केलं, काय नाही केलं

काकूंनी जलपर्णी आणायचं ठरवलं होतं. शेवाळाचं पोषण ती खरोखर झपाट्याने ओढते. पण दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेल्या या वनस्पतीने किती नद्या-तलाव गिळलेत ते पाहता मी ती घराच्या तळ्यातही घालत नाही. अनुकूल हवेत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि पुराच्या पाण्याबरोबर किंवा कुणी चांगल्या मनाने ओढ्यात सोडलेल्या एका रोपानेही नवी जागा धरते.

काकांना अतिनील दिवा हवा होता. हा दिवा वाईट नाही. पंपाचं पाणी त्याच्यासमोरून गेलं की तरंगतं शेवाळ मरतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी काचेसारखं होतं. मोठे कोई असलेल्या, झाडं टिकू न शकणाऱ्या तळ्यात मीही तो लावायला सांगतो. पण दिवा एक मिलिग्रॅमही फॉस्फरस बाहेर काढत नाही. तरंगतं शेवाळ गेलं की तेच पोषण दगडांवरचं धाग्यांचं शेवाळ खातं, आणि त्याला दिवा शिवतही नाही. इथे झाडं वाढवायला जागा होती, ऊन होतं. म्हणून दिवा पुढे ढकलला.

पहिलं काम रात्रीचं. छोटा हवेचा पंप बसवला आणि तो संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालू ठेवला. माशांचा जीव वाचवणारी गोष्ट तीच होती, बाकी सगळं थांबू शकलं असतं. विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच नव्हता, तोही बसवून घेतला. पाण्यात वीज नेणाऱ्या प्रत्येकाने हे पंप विकत घेण्याआधी करावं.

खाणं आठवडाभर पूर्ण बंद. काकूंना हे फार जड गेलं. “उपाशी ठेवायचे?” असं त्यांनी दोनदा विचारलं. गोल्डफिश उबदार पाण्यात शेवाळ, किडे, डासांच्या अळ्या असं खात दिवसच्या दिवस काढतात. आठवड्यानंतर एक दिवसाआड, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. मुठीऐवजी चिमूट.

स्पंज धुवायचा, पण तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन, दोनदा बुडवून हलकेच दाबायचा. तपकिरी राहिला तरी राहू द्यायचा. पाणी एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त बदलायचं नाही, आणि नवीन पाण्यातला क्लोरीन आधी घालवायचा. नळाला साधा क्लोरीन असेल तर पाणी उघड्यावर ठेवून, खळबळ करून तो उडून जातो. क्लोरामीन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर ते असं जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं द्रव्य लागतं, आणि क्लोरामीन तुटताना सुटणारा अमोनियाही हिशेबात धरावा लागतो.

गाळ एकदम काढला नाही. अर्ध्या भागातला काढला, उरलेला बऱ्याच दिवसांनी. सगळा एका दमात उपसला की तळाशी साचलेलं सगळं पाण्यात मिसळतं, शिवाय गाळात राहणारे उपयोगी जीवही जातात. चतुरांच्या अळ्या त्याच गाळात असतात, आणि त्या डासांच्या अळ्या खातात.

लॉनच्या बाजूने कडेचे दगड वीतभर उंच केले आणि उताराला आडवा चर खणला, म्हणजे पावसाचं पाणी तळ्याला वळसा घालून जातं. कारंजं काढून पंपाचं पाणी एका टोकाला दगडावरून सोडलं. कुमुदिनींचे कंद काढले, काळी पडलेली मुळं छाटली आणि खत न घातलेल्या जड चिकणमातीत आडवे लावले. कोंब मातीच्या बाहेर ठेवला, वर दोन बोटं खडी पसरली. खडी नसली की मासे माती उकरतात. कुंडी आधी विटांवर ठेवली, कोंबावर वीतभर पाणी राहील अशी. पानं पृष्ठभागावर आली तशी वीट-वीट काढत ती खाली उतरवली. पायरीवर वेखंड आणि जलब्राह्मी, पाण्यात बुडून राहणारं हॉर्नवर्ट. पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पानांनी झाकला जावा, एवढा अंदाज धरला. कार्बोनेट वाढायला शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्याच्या वाटेवर ठेवला.

कोईंचा प्रश्न अवघड होता. वीतभर दिसणारा कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, आणि त्याला मीटरभर खोली आणि कित्येक हजार लिटर पाणी लागतं. काकूंचा त्यांच्यावर जीव होता; हाताला लागून खायचे ते. त्या काही बोलल्या नाहीत. काकांनीच ओळखीतल्या एका मोठ्या तळ्यात त्यांची सोय केली.

पुढे काय झालं

पहिल्या आठवड्यात गाळ हलल्यामुळे बशी १४ वरून ११ वर आली. इथेच बहुतेक जण धीर सोडून पुन्हा औषधाकडे वळतात. आकडा लिहून ठेवायचा फायदा असा की काका-काकूंना हे अपेक्षितच आहे हे आधी माहीत होतं, आणि वहीत तो आकडा पाहून ते गडबडले नाहीत. पुढचे तीन आठवडे जवळपास काहीच हललं नाही. पहाटेचा प्राणवायू मात्र लगेच ५ च्या वर गेला आणि दुपारचा पीएच ८.५ च्या आसपास थांबायला लागला.

मग एके दिवशी काकूंनी काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घेऊन ते उजेडासमोर धरलं. त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके झटके देत वरखाली होत होते. पाणपिसवा, म्हणजे डॅफ्निया. त्या दिवसरात्र शेवाळाच्या पेशी गाळून खातात. तांब्याच्या औषधात त्या टिकत नाहीत. अर्धं पाणी उपसलं की त्यांतल्या अर्ध्या बाहेर जातात. हॉर्नवर्टच्या दाट फांद्यांत माशांपासून लपायला जागा मिळाली, तेव्हा कुठे त्यांची संख्या वाढली. मला स्वतःला तळ्याच्या कामात हे दिसणं सगळ्यात आवडतं. शेवाळाला खाणारं कुणीतरी आता आत राहायला आलं, याची ती खूण असते.

त्यानंतर बशी भराभर खाली जायला लागली. २२, ३५, ५० आणि अडीच-तीन महिन्यांनी तळाचे दगड दिसले. कुमुदिनीला सलग कळ्या यायला लागल्या. पाणी निवळल्यावर अपेक्षेप्रमाणे धाग्यांचं शेवाळ आलं, कारण उजेड आता तळापर्यंत जात होता. ते काठीला गुंडाळून बाहेर काढायचं. ही कटकट वाटते, पण तो प्रत्येक पेंढा तळ्यातून बाहेर गेलेला फॉस्फरस आहे. दगडावर नखभर उंचीचं मऊ शेवाळ राहिलं तर राहू द्यावं, मासे ते चरतात.

आता काकू आठवड्यातून दोनदा पिवळी पानं देठापासून काढतात. मरतुकडं पान पाण्यात कुजण्याआधी उचललं की वर्षभरात होणारा फरक मोठा असतो. पानगळीच्या दिवसांत तळ्यावर जाळी ताणायची आहे, आणि नातवंडं यायच्या आत पाण्याच्या पृष्ठभागालगत मजबूत लोखंडी जाळी बसवायची आहे. लहान मूल अगदी उथळ पाण्यातही बुडू शकतं, म्हणून हे काम काकांनी यादीत पहिलं लिहिलंय. हॉर्नवर्टची वाढ दर महिन्याला निम्मी काढावी लागते. ती ओढ्यात किंवा गटारात जाता कामा नये. काकू ती तासभर तळ्याच्या कडेलाच ठेवतात, म्हणजे अडकलेल्या गोगलगायी आणि अळ्या परत पाण्यात उतरतात, आणि मग वाळवून गुलाबांच्या बुडाशी घालतात. लॉनला त्या कडेच्या दोन मीटर पट्ट्यात खत घालायचं नाही, हे माळ्याला दोनदा सांगावं लागलं.